चेटकिणींची उबदार प्रेमकथा कशी निवडावी?

गोदाकाठ: नाशिकच्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी अशी कादंबरी हवीय. युद्ध नाही, खून नाही, तरी पुस्तक सुटत नाही. का? आणि निवडताना काय बघू?

पानवेल: संकट छोटं, पण खरं असतं. जगबुडी नाही, औषधी पाल्याचं दुकान टिकेल का, एवढंच. शेवट गोड हे ठाऊक असल्याने लक्ष ‘कसं’वर जातं. जादूने चहा उकळावा, मन वळवू नये. वशीकरण आलं की प्रेमच खोटं पडतं.

चुलीपाशी: शेवटची पन्नासेक पानं आधी चाळा. तिथे अचानक महायुद्ध उपटलं तर ठेवून द्या. एका वाक्यात मिटणारा गैरसमज शंभर पानं ताणलेला असला तरीही.

गोदाकाठ: शेवट फुटेल ना!

पानवेल: फुटू दे की, लग्नपत्रिका आधीच छापलेली असते.