कमरेचे कोरडे, खाजरे चट्टे: नायटा की इसब?

कडकभाकरी, सोलापूर: आमचे मालक यंत्रमागावर असतात. कमरेला आणि जांघेत गोल, कोरडे चट्टे उठलेत, रात्री फार खाजतात. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं आठवड्यात बसले, बंद करताच दुप्पट पसरले. कोपरावरही एक चट्टा आहे, पण तो खाजत नाही. काय असेल?

मलमपट्टी: आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. त्यानं लाली आणि खाज दबते, नायट्याची बुरशी मात्र पसरतच राहते. जांघेतली कातडी पातळ, तिथं कायमचे वळ उठतात. नायट्याची कड उंच, लालसर, खवल्यांची असते आणि मधला भाग निवळलेला. इसबाला अशी रेखीव कड नसते. पण स्टिरॉइड लावल्यावर नायट्याचीही कड पुसट होते, म्हणून नुसतं बघून ठरवू नका. त्वचारोगतज्ज्ञ कडेची खरवड काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तपासतात, बुरशीचे धागे दिसतात.

चाटीगल्ली: नायटाच निघाला तर डॉक्टर देतील ते बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेकांचं इथंच चुकतं. आणि करदोटा काढा! घामानं ओला राहणारा तो दोरा औषध चालू असतानाही पुन्हा लागण करतो. कामाची पाळी संपली की अंघोळ, जांघ कोरडी पुसून सुती सैल चड्डी. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकदमच करा, नाहीतर एकमेकांना देत बसाल.

मलमपट्टी: कोपराचं वेगळं बघा. बाहेरच्या बाजूला जाड, चंदेरी पापुद्रे असतील तर सोरायसिसची शक्यता. तो लागट नाही. फिकट किंवा लालसर, घाम न येणारा चट्टा असेल तर त्यांना डोळे मिटायला सांगा आणि कापसाचं टोक हलकेच टेकवा, आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर थांबू नका, सिव्हिलला कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध मोफत मिळतं, सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. उशीर झाला तर नस कायमची जाते.

कडकभाकरी: ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे. कापसाचं आज रात्रीच बघते.