अनुभव धागा : घरातली वीज कशी वाचवलीत?

एप्रिलचं बिल ३४२ युनिटचं आलं, तेव्हा पहिल्यांदा दरांचा तक्ता नीट वाचला. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. म्हणजे आमचे शेवटचे ४२ युनिट सगळ्यात महाग पडले. आता रोज रात्री दहाला मीटरचं रीडिंग वहीत लिहिते. तुम्ही काय बदललंत, किती फरक पडला? आकड्यांसकट लिहा.

पुणे
आमचा गीझर दिवसभर चालूच असायचा. पाणी निवलं की थर्मोस्टॅट परत तापवणार, घरात कुणी असो-नसो. २००० वॉटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. आता सगळ्यांच्या अंघोळी ओळीने उरकतो आणि बटण बंद. तापमानही ५० वर आणलं, नाहीतरी कढत पाण्यात विसण घालावंच लागत होतं. महिन्याला पंधरा-वीस युनिट कमी झाले.

ठाणे
पंखा! छोटा वाटतो, पण इथल्या दमट हवेत तो पंधरा-पंधरा तास फिरतो. जुना ७५ वॉटचा होता, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ चा. दिवसाला ०.७ युनिट वाचतं, महिन्याला एका पंख्यामागे २१. एकदम सगळे बदलणं परवडलं नाही. जो सर्वात जास्त फिरतो, तो हॉलमधला आधी बदलला.

नागपूर
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, एसी नको म्हणणं सोपं नाही. पण हवा कोरडी, म्हणून कूलर छान चालतो. आमचा कूलर २०० वॉटच्या आसपास, दीड टनी एसी १५०० च्या. फक्त कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरचं दार किलकिलं असू द्या. हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या लावतो. एसी आता फक्त आईबाबांच्या खोलीत, रात्री, २६ वर आणि सोबत पंखा.

नाशिक
टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स चालूच राहतो. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो, एवढंच.

सांगली
फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून बघा. अलगद निघाली तर रबर सैल झालंय. आमचं तसंच होतं, कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पिण्याच्या पाण्याला माठ आणलाय, त्यामुळे फ्रिजचं दार निम्म्याने कमी उघडतं.

धागाकर्ती
सांगलीकर, आत्ताच नोट लावून पाहिली. वर घट्ट, खालच्या कोपऱ्यात सहज निघाली. उद्याच माणूस बोलावते. आजचा दिवसाचा वापर ९ युनिट, मागच्या मंगळवारी ११ होता.