वॉर्डात लेकराला फिट आली, तर पहिला डोस कोणी द्यायचा?

बालरोग वॉर्डातली सिस्टर:
परवा रात्रपाळीत तीन वर्षांच्या मुलाला फिट आली. रेसिडेंट डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत अडकलेले. ते धावत येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. फिट थांबवणारं मिडाझोलाम माझ्या हाताशी होतं, ते द्यायची डॉक्टरांची ऑर्डर नव्हती. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की आपोआप थांबण्याची आशा कमी होते, औषधालाही ती दाद देईनाशी होते. मग भरती करतानाच वजनावरून पहिला डोस लिहून ठेवा आणि तो द्यायची मुभा सिस्टरला द्या.

रेसिडेंट, बालरोग विभाग:
सिस्टर, माझा विरोध आहे. तापाची हुडहुडी किंवा रडता रडता श्वास कोंडून निळं पडणं, लांबून फिटसारखंच दिसतं. साखर उतरल्यामुळे फिट आली असेल तर आधी ग्लुकोज हवं. आणि या औषधाने श्वास मंदावला तर? घरी एक डोस, पाठवणाऱ्या दवाखान्यात दुसरा आणि आमच्याकडे तिसरा, असं एक मूल बॅग-मास्कवर, म्हणजे तोंडावर मास्क लावून हाताने पिशवी दाबत श्वास देण्यावर, घ्यावं लागलं होतं. ती रात्र मी विसरलेलो नाही.

सिस्टर:
साखर ग्लुकोमीटरवर आम्हीच बघतो. कुशीवर वळवणं, सक्शन, ऑक्सिजन हेही आम्हीच करतो. मी फक्त पहिल्या डोसचं म्हणतेय, तिसऱ्याचं नाही.

एक आई:
माझ्या मुलीला एपिलेप्सी आहे. डॉक्टरांनीच मला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे लिहून दिलाय, पाच मिनिटं झाली की मारायचा. मी बारावी शिकलेली. घरी मला चालतं आणि दवाखान्यात सिस्टरना चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगा.

बालरोगतज्ज्ञ, जिल्ह्याचं ठिकाण:
या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी सिस्टरच्या बाजूने. 2012 मध्ये अमेरिकेत ‘रॅम्पार्ट’ चाचणी झाली. रुग्णवाहिकेतल्या पॅरामेडिकनी स्नायूत मिडाझोलाम दिलं तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत 73 टक्के रुग्णांची फिट थांबलेली होती, शिरेतून लोराझेपाम हे त्याच गटातलं औषध दिलेल्यांत 63 टक्के. त्यात मोठी माणसंच जास्त होती, हे खरं. पण शीर शोधण्यातली मिनिटं वाचली, हा मुद्दा गुटगुटीत बाळाला सुई लावणाऱ्याला वेगळा सांगायला नको.

आपण वाद घालतो पहिल्याने फिट थांबली नाही तर द्यायच्या दुसऱ्या औषधावर, फेनिटोइन की लिव्हेटिरासिटाम. 2019 च्या ब्रिटनमधल्या ‘एक्लिप्स’ चाचणीत दोघांत ठोस फरक निघाला नाही. फेनिटोइन वीस मिनिटं सावकाश, हृदयाच्या मॉनिटरवर नजर ठेवून द्यावं लागतं. लिव्हेटिरासिटाम पाच मिनिटांत जातं, म्हणून मी तेच वापरतो. पण पहिल्या डोसलाच उशीर झाला असेल तर दुसऱ्याची निवड करून काय मिळवणार?

रेसिडेंट:
सर, चाचणीचं मान्य. नवजात बाळं यातून वगळा, त्यांचं पहिलं औषधच फिनोबार्बिटोन. बाकीच्यांसाठी माझी एकच अट. डोस दिल्यावर त्या खाटेपासून हलायचं नाही, हाताशी बॅग-मास्क हवा. रात्री चाळीस मुलांमागे दोन सिस्टर असतात. एक तिथे उभी राहिली, तर उरलेल्या एकोणचाळीस मुलांकडे कोण बघणार?