मी अ‍ॅडमिन असूनही माझंच फोल्डर उघडेना

प्रश्न
जुना संगणक बंद पडला, म्हणून त्यातली हार्ड डिस्क काढून नव्या विंडोज ११ला जोडली. डिस्क दिसते, पण युझर्समधलं माझ्या नावाचं फोल्डर परवानगी नाही म्हणतं. आईचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात आहेत, दुसरी प्रत नाही. दोन्हीकडे नाव तेच, पासवर्ड तोच, खातंही अ‍ॅडमिनचं. मग अडतंय कुठे? एकाने ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका’ असं सांगितलं, पण हात धजत नाही.

उत्तर १
नाही धजला ते बरं झालं. तसं केलं तर त्या संगणकावरचं कुठलंही खातं ते फोटो पुसू शकेल.

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एसआयडी नावाचा लांबलचक क्रमांक असतो आणि परवानग्यांच्या यादीत तोच नोंदलेला असतो. नव्या संगणकावर नाव तेच ठेवलं तरी क्रमांक नवा. जुना त्याला अनोळखी.

अ‍ॅडमिनचं म्हणाल तर, २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत यूएसी (मोठा बदल करण्याआधी संमती विचारणारी सोय) आलं तेव्हापासून अ‍ॅडमिनचे प्रोग्रॅमसुद्धा साध्या खात्याच्याच अधिकारांवर चालतात. पूर्ण अधिकार मिळतात ते संमती दिल्यावर. म्हणून त्या खिडकीत आधी ‘कंटिन्यू’ दाबून पाहा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच जमलं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे ‘ओनर’समोरच्या ‘चेंज’मध्ये स्वतःचं खातं द्या आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीत खूण करा. मालकी मिळाली म्हणजे वाचायची परवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी द्यावी लागते. आणि हे फक्त त्या एका फोल्डरवर. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरची मालकी बदलून संगणक बिघडवलेले मी पाहिले आहेत.

उत्तर २
एक तपासा. फाइलींवर छोटं कुलूप दिसतंय का? तसं असेल तर ते एन्क्रिप्शन आहे, म्हणजे किल्लीशिवाय फाइल वाचताच येत नाही. तिथे मालकी घेऊन उपयोग नाही, ती किल्ली असलेलं जुन्या खात्याचं सर्टिफिकेटच लागेल.

प्रश्नकर्ता
कुलूप नव्हतं. ‘कंटिन्यू’ने नकार दिला, मग मालकी बदलली, स्वतःला परवानगी दिली. हिरवी पट्टी बराच वेळ सरकत होती. सगळे फोटो उघडले. आता दोन वेगळ्या डिस्कवर उतरवतोय. रोजच्या कामासाठी साधं खातंही आजच उघडलं, अ‍ॅडमिनचं वेगळं ठेवलं.