पेज मायग्रेशनमुळे सर्व्हर अडखळतो: कर्नल बदलू की प्रोग्राम? (सल्ला हवा)

अंबडकर:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या द्राक्षबागांचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून आम्ही बागेचे नकाशे बनवतो. निर्यातीच्या हंगामात बागायतदाराला नकाशा त्याच संध्याकाळी लागतो, कारण सकाळी फवारणी करायची की थांबायचं हे तो त्यावर ठरवतो. माल काढणीला आलेला असताना औषधाचा अंश राहून चालत नाही, त्यामुळे उशीर आम्हाला परवडत नाही.

मशीन दोन सॉकेटचं (दोन प्रोसेसरचं) आहे, दोन न्यूमा नोड (एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम मिळून एक नोड), 256 जीबी रॅम, डेबियन 12 लिनक्स, कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.1. त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि आमचा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम चालतो. एक थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) फोटो वाचून बफर (मेमरीतली जागा) भरतो, बाकीचे थ्रेड दोन्ही सॉकेटवर काम करतात. बफर ज्या थ्रेडकडे जाणार त्याच्या नोडवर बफरची पेजं (मेमरीचे छोटे तुकडे) आम्ही आधी मूव्ह पेजेस या सिस्टिम कॉलने (कर्नलला केलेल्या विनंतीने) हलवतो, हेच पेज मायग्रेशन. शिवाय कर्नलचं न्यूमा बॅलन्सिंगही (पेजं वापरणाऱ्या थ्रेडच्या नोडवर आपोआप हलवणं) चालू आहे. दुपारनंतर लोड वाढला की सगळेच थ्रेड एकदम थबकतात. पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) पेज कॉपी करण्यापेक्षा दुसऱ्या सीपीयूंच्या उत्तराची वाट बघण्यातच जास्त वेळ दिसतो. नवा कर्नल टाकू, बॅलन्सिंग बंद करू, की जास्त वेगाची रॅम घेऊ?

गोदाकाठ:
रॅमवर पैसे घालू नका दादा. तुमचं मोजमापच सांगतंय की कॉपी हा मोठा खर्च नाही. 4 केबीचं पेज हलवताना कर्नल आधी ते एलआरयू यादीतून (कुठली पेजं अलीकडे वापरली याची यादी) बाजूला काढतो, त्याला लॉक लावतो, पेज टेबलमधली (पेज रॅममध्ये कुठे आहे याचा तक्ता) नोंद काढून तिथे तात्पुरती मायग्रेशन नोंद ठेवतो. मग त्या प्रोसेसचे थ्रेड ज्या ज्या सीपीयूवर चालू आहेत त्यांना आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला दिलेली हाक) पाठवून टीएलबीतला (सीपीयूने हाताशी ठेवलेल्या पत्त्यांची यादी) जुना पत्ता पुसायला लावतो आणि सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत थांबतो. त्यानंतर कॉपी, त्यानंतर नवी नोंद. थ्रेड जितके जास्त सीपीयूंवर पसरलेले, तितकी ही वाट बघणं महाग.

6.1 मध्ये हे सगळं एकेका पेजसाठी होतं. 2023 च्या 6.3 कर्नलमध्ये हुआंग यिंग यांचे पॅच आले आणि कर्नल पेजांचा गठ्ठा घेऊन आधी सगळी अनमॅप करतो (पेज टेबलमधून काढतो), टीएलबी गठ्ठ्यामागे एकदाच पुसतो, मग सगळी कॉपी करतो. डेबियन 12 च्या बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या आवृत्तीसाठी दिलेली नवी पॅकेजेस) 6.12 मिळतो. माझं मत सरळ आहे, कर्नल बदला.

सातपूरची_सी:
गोदाकाठ यांनी सांगितलेल्या पायऱ्या बरोबर आहेत, पण नुसत्या कर्नलवर भिस्त ठेवू नका. तुमच्याकडे पेजं दोन वाटांनी हलतायत आणि दोन्हींचे आजार वेगळे आहेत.

न्यूमा बॅलन्सिंग 3.8 पासून कर्नलमध्ये आहे. ते प्रोसेसच्या मेमरीचा एकेक तुकडा घेऊन पेज टेबलच्या नोंदी मुद्दाम बंद करतं. थ्रेडने त्या पेजला हात लावला की फॉल्ट येतो (काम थांबून कर्नलकडे जातं) आणि हा थ्रेड कुठल्या नोडवरचा हे कर्नलला कळतं. म्हणजे तिथे टीएलबी पुसलं जातं ते मुख्यतः नोंदी बंद करताना, आणि पेज हलतं ते फॉल्टच्या वेळी, एकेक करून. गठ्ठाच नसेल तर 6.3 ची सुधारणा लागू कशाला होईल? ती उपयोगी पडते जिथे कर्नलच्या हातात यादी येते तिथे: मूव्ह पेजेस, कॉम्पॅक्शन (सलग जागा मोकळी करायला पेजं सरकवणं), संथ मेमरीवर पेजं ढकलणं.

म्हणून आधी पर्फचा कॉल ग्राफ (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याचा आलेख) काढा. आयपीआयची वाट टास्क न्यूमा वर्क या कर्नलच्या फंक्शनखाली दिसली तर दोष बॅलन्सिंगच्या स्कॅनचा. मूव्ह पेजेसखाली दिसली तर तुमच्या कॉलचा. प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलमध्ये (कर्नलचे मेमरीचे आकडे) न्यूमा हिंट फॉल्ट, न्यूमा पेजेस मायग्रेटेड आणि पीजीमायग्रेट सक्सेस हे आकडे गर्दीच्या वेळी आणि निवांत वेळी टिपून ठेवा. आणि एक सांगा, मूव्ह पेजेसला एका कॉलमध्ये किती पत्ते देता?

नाशिकरोड_डीबीए:
पोस्टग्रेसपुरतं सांगतो. ह्यूज पेजेस (4 केबीऐवजी मोठी पेजं) चालू करा आणि शेअर्ड बफर्सना (पोस्टग्रेसची सामायिक मेमरी) पुरतील इतकी पेजं आधीच राखून ठेवा. बॅलन्सिंगचा स्कॅन अशा मेमरीला हातच लावत नाही. वर न्यूमासीटीएल या कमांडने इंटरलीव्ह (पेजं आलटून पालटून दोन्ही नोडवर) करून सुरू केलंत तर मेमरी दोन्ही नोडवर सारखी पडते.

अंबडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉल ग्राफमध्ये दोन्ही आहेत, पण मोठा वाटा मूव्ह पेजेसचा. ताई, आम्ही प्रत्येक टाइलसाठी (फोटोचा एक तुकडा) वेगळा कॉल करतो आणि टाइल मोजक्या पेजांची असते. पोस्टग्रेसचं आजच करतोय.

सातपूरची_सी:
मग मूळ तिथेच आहे. मूव्ह पेजेसच्या प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला कर्नल सगळ्या सीपीयूंवरच्या एलआरयूच्या तात्पुरत्या याद्या रिकाम्या करून घेतो. पेजं चार असोत की चार हजार, तो खर्च कॉलमागे पडतोच. म्हणजे लहान कॉल करून तुम्ही सगळ्या सीपीयूंना पुन्हा पुन्हा कामाला लावताय, आणि हे नव्या कर्नलमध्येही टळत नाही.

बऱ्याच टाइलचे पत्ते साठवा आणि एकदम पाठवा. पाठवण्याआधी ते लक्ष्य नोडप्रमाणे लावून घ्या. कर्नल यादी वाचत जातो आणि लक्ष्य नोड बदलला की हातातला गठ्ठा तिथेच हलवायला घेतो. शून्य, एक, शून्य, एक असे पत्ते दिलेत तर गठ्ठा कधीच जमणार नाही. शून्यवाले सगळे आधी, एकवाले नंतर. इतकं केलंत तर गोदाकाठ म्हणतात त्या 6.12 चा खरा फायदा मिळेल.

बफर 2 एमबीच्या सीमेवर घेऊन मॅडव्हाइज या सिस्टिम कॉलने ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नल स्वतः जमवून देतो ते 2 एमबीचं पेज) मागितलंत तर आणखी बरं. 2017 च्या 4.14 पासून असं पेज न फोडता अख्खं हलतं, त्यामुळे 512 पत्त्यांऐवजी एक पत्ता पुरतो. समोरच्या नोडवर सलग 2 एमबी रिकामी जागा मात्र हवी, नाहीतर पेज फुटतं आणि आपण परत 4 केबीवर.

पण माझा आग्रह याच्याही पुढचा आहे. पेज हलवायची वेळच का यावी? लिनक्समध्ये मेमरी साधारणपणे पहिला हात लावणाऱ्या थ्रेडच्या नोडवर मिळते. तुमचा वाचणारा थ्रेड बफर भरतो म्हणून सगळं त्याच्या नोडवर पडतं. प्रत्येक नोडवर एक वाचणारा थ्रेड ठेवा, त्याला आणि त्याच्या कामगार थ्रेडना त्या नोडच्या सीपीयूंना बांधा, बफरही त्याच्याच साठ्यातून द्या. साठे वेगळे ठेवणं महत्त्वाचं. मोकळा झालेला बफर दुसऱ्या नोडच्या थ्रेडला दिलात तर पेजं जुन्याच नोडवर राहतात. प्रोग्राम दोन प्रोसेसमध्ये तोडून दोन्ही न्यूमासीटीएलच्या मेमबाइंडखाली (मेमरी ठरलेल्या नोडवरूनच) चालवलात तर बॅलन्सिंगचा स्कॅनही त्यांना वगळतो, अख्ख्या मशीनवर ते बंद करायची गरज उरत नाही.

गोदाकाठ:
पटलं. कॉपीचं काम अनेक थ्रेडना वाटून देण्याचा झी यान यांचा प्रस्ताव 2025 च्या सुरुवातीला कर्नलच्या मेलिंग यादीवर आला होता. मोठ्या पेजांना त्याचा उपयोग होईल, पण अंबडकर दादांचं दुखणं कॉपीचं नाहीच.

अंबडकर:
पत्ते नोडप्रमाणे लावून एकत्र पाठवायला सुरुवात केली आणि दुपारचे थांबे स्पष्ट कमी झाले, कर्नल अजून 6.1 च आहे. आता एकच अडतंय. कॉल शून्याऐवजी धन आकडा परत देतो आणि काही बफर कधीच हलत नाहीत. हे बफर आम्ही जीपीयूलाही (ग्राफिक्स कार्डला) देतो.

सातपूरची_सी:
धन आकडा म्हणजे तितकी पेजं हलली नाहीत, 4.17 पासून असं कळवतात. जीपीयूच्या ड्रायव्हरने डीएमएसाठी (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं) पेजं पिन केली (जागेवर खिळवली) असणार. पिन केलेल्या पेजचा संदर्भ दुसऱ्याच्या हातात असतो, म्हणून कर्नल काही वेळा प्रयत्न करून सोडून देतो. पुन्हा पुन्हा कॉल करून उपयोग नाही, उलट वेळ जातो. असे बफर ज्या नोडला जीपीयू जोडलेलं आहे तिथेच घ्या, आधी हात लावा, मग ड्रायव्हरकडे नोंदवा, आणि हलवायच्या यादीतून कायमचे काढा. स्टेटसच्या ॲरेत (कॉल प्रत्येक पेजचा निकाल जिथे लिहितो) आधी उणे एक भरून ठेवा, नाहीतर न हललेल्या पेजांसमोर जुनाच आकडा राहतो. खात्री हवी असेल तर नोडच्या ॲरेच्या जागी नल (रिकामा पत्ता) देऊन तोच कॉल करा, प्रत्येक पेज आत्ता कुठे आहे ते कळतं.

6.12 हंगाम चालू असताना मुख्य मशीनवर नको. दुसऱ्या मशीनवर त्याच फोटोंवर चालवून बघा. छाटणीच्या दिवसांत काम कमी असेल तेव्हा बदला.