युनायटेड मेथडिस्ट चर्च आणि गे पाळकांची दीक्षा: २०२४ मध्ये नक्की काय बदललं?

रविवारचा_वाचक

जय ख्रिस्त मंडळी. "अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी प्रत्येक चर्चला समलिंगी पाळक घेणं सक्तीचं केलं" हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय आणि त्याखाली "मग आपल्या मेथडिस्टांचं काय?" ही विचारणा ठरलेली. समलैंगिकता "ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत" हे १९७२ चं वाक्य आणि बंदी कायम ठेवणारं २०१९ चं सेंट लुईसचं मतदान इथपर्यंत माहिती आहे. पुढचं नीट लावायचं आहे.

१) २०२४ ला शार्लटच्या जनरल कॉन्फरन्समध्ये (संप्रदायाच्या सर्वोच्च सभेत) नियमपुस्तकातून कोणती कलमं गेली?
२) एखाद्या मंडळीला असा पाळक नको असेल तर ती नाकारू शकते का?
३) ज्या मंडळ्या सोडून गेल्या त्या निर्णयाच्या आधीच गेल्या. असं का?

वचनांवर बोलू नका असं म्हणत नाही. पण आधी नियम, मग वचनं, असं जमलं तर बरं.

परिच्छेद_३०४

मुळात दोन वेगळी वाक्यं होती आणि चर्चेत त्यांची कायम खिचडी होते. १९७२ चं वाक्य सामाजिक तत्त्वांमधलं. ते शिकवण सांगायचं, दीक्षा कुणाला द्यायची हे ठरवत नव्हतं. दीक्षेची बंदी आली १९८४ मध्ये, बाल्टिमोरला: 'सेल्फ-अव्हाउड प्रॅक्टिसिंग होमोसेक्शुअल', म्हणजे समलिंगी संबंधांत असल्याचं स्वतः कबूल केलेल्या व्यक्तीला उमेदवार म्हणून घ्यायचं नाही, दीक्षा द्यायची नाही, नेमणूक करायची नाही. पुढे तेच बुक ऑफ डिसिप्लिनमधला, म्हणजे नियमपुस्तकातला परिच्छेद ३०४.३.

यातल्या 'सेल्फ-अव्हाउड' शब्दावर सगळं अडायचं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं, आणि तेही कुणापुढे? बिशप, डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट (बिशपच्या वतीने जिल्हा बघणारा पाळक), जिल्ह्याची किंवा कॉन्फरन्सची (अनेक जिल्ह्यांच्या विभागाची) दीक्षा समिती, नाहीतर पाळकांची सभा. मंडळीत कुजबुज आहे, घरी कोण राहतं ते शेजाऱ्यांना माहीत आहे, यावरून काही सिद्ध होत नसे. म्हणजे व्यवहारात बंदी गे असण्यापेक्षा खरं बोलण्यावर जास्त होती. पाळक बेथ स्ट्राउड यांनी स्वतः सांगितलं, २००४ च्या डिसेंबरात चर्चच्या न्यायालयाने त्यांची दीक्षा काढून घेतली. २०१६ मध्ये कॅरेन ओलिव्हेटो बिशप म्हणून निवडून आल्या तेव्हा त्यांचं एका स्त्रीशी लग्न झालेलं होतं. २०१७ मध्ये ज्युडिशियल कौन्सिलने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटलं की समलिंगी विवाहाची सरकारी नोंद हीच जाहीर कबुली धरायची. ही पळवाट त्या दिवशी बुजली.

आता २०२४. १ मे रोजी कन्सेंट कॅलेंडरवर, म्हणजे समितीत फारसा विरोध न झालेल्या ठरावांच्या गठ्ठ्यात, ३०४.३ ची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी निघाली. सभागृहात चर्चाच झाली नाही. त्याच अधिवेशनात गेलेल्या बाकीच्या गोष्टी:

– समलिंगी विवाह लावणं आणि 'प्रॅक्टिसिंग' असणं हे चर्चच्या कायद्याने गुन्हे होते, ते कलम;
– २०१९ ला आलेल्या किमान शिक्षा (विवाह लावल्याचा पहिला गुन्हा सिद्ध झाला तर वर्षभर बिनपगारी निलंबन, दुसऱ्यांदा दीक्षाच रद्द);
– समलैंगिकतेच्या स्वीकाराला पोषक कामासाठी चर्चचा पैसा वापरायला असलेली मनाई;
– आणि २ मे रोजी, सुधारित सामाजिक तत्त्वांसोबत, ते १९७२ चं वाक्य. ५२३ विरुद्ध १६१.

दीक्षेची बंदी अधिवेशन संपताच उठली, १ जानेवारी २०२५ पर्यंत थांबावं लागलं नाही. त्याच मे महिन्यात स्ट्राउड यांची दीक्षा परत मिळाली.

एक बदल बातम्यांत जवळपास आलाच नाही. पाळकांसाठीची "विवाहात एकनिष्ठा, अविवाहित असताना ब्रह्मचर्य" ही जुनी अट बदलून तिथे एकनिष्ठा, एकच जोडीदार, बांधिलकी, परस्पर संमती अशी भाषा आली. ही सगळ्यांना लागू आहे, स्त्री-पुरुष जोडप्यांनाही. म्हणून "आता पाळकाच्या चारित्र्याचा प्रश्नच विचारणार नाहीत" हे चूक. प्रश्न विचारतात, त्याची मोजपट्टी बदलली.

चार्ज_सेक्रेटरी

दुसऱ्या प्रश्नाची अडचण अशी की मेथडिस्ट मंडळी पाळक निवडतच नाही. बाप्टिस्टांसारखं जाहिरात, मुलाखत, मतदान, बोलावणं असं इथे नसतं. बिशप पाठवतो. मंडळीच्या पाळक-संबंध समितीशी सल्लामसलत करणं बिशप-मंडळावर बंधनकारक आहे, पण सल्ला म्हणजे नकाराधिकार नव्हे. समितीने "हा पाळक इथे चालणार नाही, कारण अमुक" असं लेखी दिलं तर शहाणा सुपरिंटेंडंट ऐकतो. मंडळीचं देणं आटलं तर त्याचीच डोकेदुखी. पण ऐकलंच पाहिजे असं नाही.

खरी गाळणी त्याच्या फार आधी लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उमेदवाराचा रस्ता साधारण असा: मंडळीच्या समितीची मुलाखत, मग चार्ज कॉन्फरन्समध्ये (स्थानिक मंडळीच्या कारभाराच्या सभेत) लेखी गुप्त मतदान आणि तिथे दोन तृतीयांश मतं, मग जिल्हा समितीत तीन चतुर्थांश, मग कॉन्फरन्सच्या बोर्ड ऑफ ऑर्डेन्ड मिनिस्ट्रीत, म्हणजे दीक्षा समितीत, दोन तृतीयांश. त्यानंतर किमान दोन वर्षं परिवीक्षेवर आणि शेवटी पूर्ण दीक्षा. बंदी उठली म्हणजे यातली एकही पायरी कमी झालेली नाही. पूर्वी उमेदवार गे असेल तर "नियम आहे" एवढं म्हणून समितीला मोकळं होता यायचं. आता तिला मत देऊन मोकळं व्हावं लागतं. टेक्सासच्या खेड्यातली चार्ज कॉन्फरन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोची, दोघींचे निकाल सारखे लागतील असं कुणी समजू नये.

विवाहाचं वेगळं आहे. समलिंगी विवाह लावल्याबद्दल किंवा न लावल्याबद्दल, कशाहीबद्दल, सुपरिंटेंडंटने पाळकाला शिक्षा करायची नाही, आणि मंडळीच्या इमारतीत असा विवाह झालाच पाहिजे किंवा होताच कामा नये असंही सांगायचं नाही, हे २०२४ लाच नियमात घातलं गेलं. त्या व्हॉट्सअ‍ॅप मजकुराला एवढं उत्तर पुरे.

तिसरा प्रश्न सरळ पैशाचा आणि तारखेचा आहे. मेथडिस्ट चर्चची जागा मंडळीच्या नावावर असली तरी ती संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते, म्हणजे बाहेर पडलात की इमारत मागे राहते. २०१९ च्या २५५३ परिच्छेदाने याला मर्यादित दार उघडलं. अटी अशा:

– कारण समलैंगिकतेच्या प्रश्नावरची सदसद्विवेकबुद्धी हेच हवं;
– सुपरिंटेंडंटने चर्च कॉन्फरन्स बोलावल्यापासून १२० दिवसांत ती व्हावी आणि हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी होकार द्यावा;
– मागच्या १२ महिन्यांचं थकलेलं वाटपाचं देणं (मंडळीने संप्रदायाला द्यायचा वार्षिक वाटा) आणि पुढच्या १२ महिन्यांचं आगाऊ;
– पाळकांच्या पेन्शनच्या न भरलेल्या बोजातला मंडळीचा वाटा;
– अ‍ॅन्युअल कॉन्फरन्सची (विभागाच्या वार्षिक सभेची) साध्या बहुमताने मान्यता.

आणि दार ३१ डिसेंबर २०२३ ला बंद. म्हणून गर्दी २०२२-२३ मध्ये झाली. अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश, या दाराने गेल्या. ठराव काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्याची वाट पाहिली असती तर इमारत गेली असती.

फसायचं कुठे? चर्च कॉन्फरन्स आणि चार्ज कॉन्फरन्स यांत. पहिल्यात सगळे सभासद मत देतात, दुसरीत मुख्यतः पदाधिकारी. दुसरा धोका पेन्शनच्या आकड्याचा. तो बाजारातल्या व्याजदरावर हलतो, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरून निधी उभा केला की शेवटी तोंडचं पाणी पळतं. उशीर झालेल्या काही मंडळ्यांनी मग 'चर्च बंद करण्याचा' २५४९ परिच्छेद वापरून बघितला. चालत्या मंडळीला तो बाहेर पडण्यासाठी वापरता येणार नाही, असा निकाल ज्युडिशियल कौन्सिलने २०२४ च्या ऑक्टोबरात दिला.

जुनी_वाट

वरची माहिती बरोबर आहे, पण ६९२-५१ हा आकडा एकटा टाकला की दिशाभूल होते. पाच वर्षं आधी, सेंट लुईसला, बंदी कायम ठेवून शिक्षा कडक करणारा ट्रॅडिशनल प्लॅन ४३८ विरुद्ध ३८४ ने जिंकला होता. माणसं तीच आणि मतं फिरली, असं झालेलं नाही. बंदीच्या बाजूचे बरेच जण मधल्या काळात बाहेर पडले, त्यांच्यातले पुष्कळ १ मे २०२२ ला सुरू झालेल्या परंपरावादी ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेले. शिवाय शार्लटला आफ्रिकेतल्या अनेक प्रतिनिधींना व्हिसाअभावी पोचताच आलं नाही. २०२४ च्या मे अखेरीस कोत दिव्वारच्या (आयव्हरी कोस्टच्या) कॉन्फरन्सने बाहेर पडायचं ठरवलं.

आणि परंपरेच्या बाजूचं म्हणणं फक्त "लेवीय १८:२२ मध्ये लिहिलंय" एवढ्यावर उभं आहे असं समजणं अन्यायाचं. गंभीर मांडणी मत्तय १९ वरून होते: घटस्फोटाबद्दल विचारल्यावर येशू उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांकडे जातो, "नर व नारी" इथे. त्यावर रोमकरांस १:२६-२७ आणि १ करिंथ ६:९. पाळकाबद्दल १ तीमथ्य ३ ची जादा कसोटी येते, "एका स्त्रीचा पती". यांचा मुद्दा असा की मंडळीत बसायला कुणालाच अडवलेलं नाही. प्रश्न वेदीपाशी उभं राहून शिकवणाऱ्याच्या आयुष्याचा आहे.

ग्रीक_गिरवणारा

जुनी वाट यांच्या मांडणीत १ तीमथ्य ३ जपून वापरावं लागेल. तीच ओळ अक्षरशः घेतली तर अविवाहित पाळक आणि स्त्री पाळक दोघेही बाद. मेथडिस्टांनी १९५६ पासून स्त्रियांना पूर्ण पाळकीय हक्क दिलेत, ग्लोबल मेथडिस्टही देतात. एका ठिकाणी संदर्भ बघायचा आणि दुसऱ्या ठिकाणी अक्षर धरायचं, हा समोरच्यांचा खरा आक्षेप आहे.

१ करिंथ ६:९ मधला 'आर्सेनोकोइताय' हा शब्द पौलाच्या आधी कुठे आढळत नाही. 'पुरुष' आणि 'शय्या' जोडून तो झालाय, आणि लेवीय २०:१३ च्या ग्रीक भाषांतरात हेच दोन शब्द शेजारी शेजारी येतात. परंपरावादी इथे सरस ठरतात: पौलाने शब्द तिथूनच घेतला असण्याचा संभव मोठा. बदलवादी विचारतात की त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं? मालक-गुलाम आणि प्रौढ-कुमार संबंध, की दोन समवयस्कांची आयुष्यभराची साथ? शब्दाची व्युत्पत्ती याचं उत्तर देत नाही. म्हणून त्यांचा भर वेगळ्याच जागी असतो: प्रेषितांची कृत्ये १५, जिथे परराष्ट्रीयांवर पवित्र आत्मा उतरलेला आधी दिसला आणि सुंतेचा नियम नंतर सैल झाला, आणि यशया ५६, जिथे मंदिरात मज्जाव असलेल्या षंढांना देव स्वतः जागा देतो.

दोघेही वचनच वाचतात. एक उत्पत्तीपासून पुढे वाचतो, दुसरा कृत्यांपासून मागे.

रविवारचा_वाचक

आभार. भारताचं राहिलं. मेथडिस्ट चर्च इन इंडियाला यातलं काही लागू होतं का? आणि सीएनआयमध्येही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मेथडिस्ट आहेत ना?

चार्ज_सेक्रेटरी

लागू होत नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे; स्वतःची जनरल कॉन्फरन्स, स्वतःचे बिशप, स्वतःचं डिसिप्लिन. शार्लटचा ठराव मुंबईच्या किंवा पुण्याच्या मेथडिस्ट मंडळीपर्यंत कायद्याने पोचत नाही. फिलिपिन्स आणि आफ्रिकेतल्या कॉन्फरन्सेसची गोष्ट वेगळी, त्या संप्रदायाच्या आतच होत्या. प्रत्येक प्रदेशाला असे नियम आपापले ठरवू देण्याची घटनादुरुस्ती शार्लटला मंजूर झाली ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

सीएनआयबद्दल गोंधळ जुना आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झालं तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन मिशनचे मेथडिस्ट आत गेले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, आजचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया ते हेच. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्येही आहे, त्यामुळे तिथे चर्चा निघाली तर लॅम्बेथ १९९८ चा, म्हणजे अँग्लिकन बिशपांच्या परिषदेचा, समलिंगी संबंध अमान्य करणारा ठराव १.१० आणि उघडपणे गे असलेले अमेरिकन बिशप जीन रॉबिन्सन यांचं २००३ चं बिशपपद यांची निघते, शार्लटची नाही.

परिच्छेद_३०४

एक पुरवणी, कारण "सगळ्या प्रोटेस्टंटांनी एकच केलं" असं पुढे कुणीतरी लिहिणारच. अमेरिकन लूथरन (ईएलसीए) चर्चने २००९ मध्ये मिनियापोलिसला दीक्षेचा ठराव ५५९-४५१ ने केला, पण अट घातली: नातं जाहीर, आयुष्यभराचं आणि एकनिष्ठ असावं. शिवाय मंडळीच पाळकाला बोलावते, म्हणून नाकारण्याचा हक्क आपोआप मंडळीकडे. प्रेस्बिटेरियनांनी (पीसीयूएसए) २०११ मध्ये फक्त देशव्यापी अट काढली आणि निर्णय प्रेस्बिटरीवर (मंडळ्यांच्या प्रादेशिक संघावर) सोडला. मेथडिस्टांकडे बिशप पाठवतो, म्हणून "लादलं" हा शब्द त्यांच्याच वाट्याला येतो. आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकाला २००५ पासून सिव्हिल पार्टनरशिप (समलिंगी जोडप्याची कायदेशीर नोंदणी, विवाह नव्हे) चालते, ब्रह्मचर्याच्या अटीवर. समलिंगी विवाह २०१४ च्या मार्गदर्शनाने मना. तो मजकूर पाठवणाऱ्याला आधी एवढंच विचारा: कोणतं चर्च?