शून्य प्रहरात तीन मिनिटं शेती: सोलापूरच्या पदरात काय पडतं?

कोरडवाहू
अधिवेशन लागलं की चित्र ठरलेलं. लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या शून्य प्रहरात खासदार उभे राहतात, कांदा, ऊस, डाळिंब, पीक विमा, उजनी, गावचे रस्ते असं सगळं एका दमात वाचतात आणि संध्याकाळी क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते. माझं मत सरळ आहे: त्यातलं निम्मं संसदेचं काम नाही. शेती राज्यसूचीत १४ व्या क्रमांकावर, पाणी १७ व्या. उजनी ११७ टीएमसीचं धरण, त्यात ६३ च्या वर मृतसाठा. उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी एक द्यायची की दोन, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथं आमदार लागतो. दिल्लीत त्यावर ओरडलं तर मंत्री "हा राज्याचा विषय आहे" एवढं एक वाक्य देऊन मोकळे.

आणि दिल्लीत वजनदार खासदार हवा असं म्हणाल तर २०१२ ते १४ मध्ये देशाचे कृषिमंत्री माढ्याचे खासदार होते आणि गृहमंत्री सोलापूरचे. त्याहून वजनदार काय हवं? तरी २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्याच.

नियम_३७७
तुमचं उदाहरण उलटं लागू पडतं. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्यामुळे ती दोन वर्षं या वादात पुरावा होत नाहीत.

शून्य प्रहराबद्दल मात्र सहमत. नियमावलीत तो प्रकारच नाही, मंत्र्यावर उत्तराचं बंधन नाही. पण खासदाराच्या हातात तेवढंच हत्यार नसतं. लोकसभेच्या नियम ३७७ खाली २५० शब्दांचा मजकूर देता येतो आणि त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. त्याहून कामाचा अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न. नोटीस किमान १५ दिवस आधी, दिवसाला २३० प्रश्न यादीत. तोंडी उत्तराचे तारांकित २०, त्यातही प्रत्यक्ष तोंडी चार-सहाच होतात. अतारांकितला टाळ्या नाहीत, क्लिप नाही, पण छापील उत्तर पटलावर येतं आणि कायम राहतं. मंत्री "विचाराधीन आहे, कळवू" म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही केलं तर शासकीय आश्वासन समिती मागे लागते. भाषणाच्या मागे कोण लागतं?

मार्केटयार्ड
कांद्यापुरतं तरी "राज्याचा विषय" म्हणू नका राव. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ ला मूल्याची अट गेली, शुल्क २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. एकही निर्णय मुंबईत झालेला नाही. आणि ८ डिसेंबर म्हणजे सोलापूर मार्केटला लाल कांद्याची आवक ऐन भरात असते तो काळ. लाल कांदा चाळीत टिकत नाही. पाणी जास्त, मान जाड, काढला की विकावाच लागतो. बंदीचा घाव त्यालाच सगळ्यात खोल बसतो.

खासदार चुकतात ते पत्त्यात. कांदा म्हटलं की प्रश्न कृषी मंत्रालयाला. तिथून लागवडीचे आकडे येतात आणि विषय संपतो. शुल्क हे वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाचं, बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीएफटीचं (परकीय व्यापार महासंचालनालय), नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून होणारी राखीव साठ्याची (बफर) खरेदी ग्राहक व्यवहारचं. एका कांद्याला चार दारं. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात, प्रत्येकाला आठवड्यातून एकच वार. चुकीच्या दारी गेलात की आठवडा गेला.

कोरडवाहू
मग फेब्रुवारी २०२३ चं काय? बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी देशभर गाजली. तेव्हा ना बंदी होती ना शुल्क. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, बघा: भाव रुपया किलो, म्हणजे ५१२ रुपये. मोटारभाडं, हमाली, तोलाई मिळून कपात ५०९ रुपये ५१ पैसे. हाती २ रुपये ४९ पैसे. आवक तुंबली की हेच होणार, निर्यात खुली असो वा बंद. यावर उपाय आहे लागवडीच्या तारखा पुढेमागे करणं, प्रतवारी करूनच माल आणणं, मोटारभाड्यात एकत्र गाडी भरणं. यातलं काय संसदेत ठरतं?

मार्केटयार्ड
भाव कशानं पडला आणि भाव कुणी पाडला, या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही पहिलीचं उत्तर दुसरीला देताय.

सीनाकाठ
कांदा बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुराकडे बघा. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूर. पिकाचं नुकसान एका हंगामाचं, खरडलेल्या रानाचं नुकसान कैक वर्षांचं.

आपत्ती मदतीचे २०२२-२३ ते २०२५-२६ चे केंद्रीय निकष असे: ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिकला २२,५००, मर्यादा २ हेक्टर. गाळ काढायला हेक्टरी १८,०००. जमीनच गेली तर ४७,०००, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकालाच.

आता ४७,००० चा हिशोब मांडा. अडीच एकराचा हेक्टर धरून एकरी १८,८००. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट माती परत भरायची तर ४३५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. तीन ब्रासच्या टिपरने १४५ खेपा. खेपेला १३० रुपये पडतात. त्यात डिझेल तरी निघेल का? वर जेसीबी भरणार, ब्लेड मारून सपाट करणार, बांध घालणार, ते वेगळंच. हा निकष सोलापूरच्या कलेक्टरने ठरवलेला नाही, गृह मंत्रालयाने ठरवलाय. तिथं खासदाराशिवाय कोण बोलणार?

कोरडवाहू
हिशोब अर्धा मांडलात. राज्याने ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये ४७,००० रोख अधिक मनरेगातून हेक्टरी ३ लाख जाहीर केले, मदतीची मर्यादा ३ हेक्टरवर नेली. दोन्ही धरून एकरी १,३८,८००, म्हणजे खेपेला साडेनऊशेच्या वर. सगळीकडे फूटभर थर गेलाय असंही नाही. सहा इंच गेला असेल तर खेपा निम्म्या. तलावातला गाळ "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" मध्ये फुकट मिळतो, पैसा लागतो तो वाहतुकीलाच. म्हणजे जे हललं ते मुंबईतून.

सीनाकाठ
जाहीर केले, बरोबर. पण ते ३ लाख ज्या खात्यातून यायचे त्या मनरेगाची अट काय होती? खर्चात मजुरी ६० टक्के, साहित्य ४०, ठेकेदार नाही आणि मजुराचं काम हिरावणारं यंत्र शक्यतो नाही. प्रमाण कामागणिक नव्हे तर जिल्ह्याच्या पातळीवर सांभाळायचं होतं हे मान्य. तरी १४५ टिपर माती हे फावड्या-पाटीचं काम आहे का? हजेरीपट निघणार मजुरांचा आणि बिल येणार टिपरवाल्याचं. काम अडतं ते इथं. ती अट केंद्राच्या कायद्याच्या अनुसूचीत होती, राज्याच्या जीआरने ती सुटत नव्हती. बघा, फिरून दिल्लीतच आलो.

कोरडवाहू
हे मात्र खरं. यंत्राच्या अटीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. पण मग खासदारांनी हेच विचारावं ना, "बळीराजा संकटात आहे" कशाला?

नियम_३७७
विचारायला लावा. मसुदा देतो, अतारांकित, गृहमंत्र्यांसाठी:

(क) सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोलापूर जिल्ह्यात खरडून गेलेल्या शेतजमिनीचं तालुकानिहाय क्षेत्र राज्याने केंद्राला कळवलं आहे काय, कोणत्या तारखेला;
(ख) जमीन गमावल्याबद्दलचा हेक्टरी ४७,००० चा दर ठरवताना माती भरण्याचा खर्च कोणत्या आधारे धरला;
(ग) नदीने पात्र न बदलता केवळ वरचा थर वाहून गेला असेल तर ती जमीन या निकषात बसते काय;
(घ) पुढच्या कालावधीचे निकष ठरवताना अल्पभूधारकाची अट शिथिल करण्याचा प्रस्ताव आहे काय?

(ग) सगळ्यात महत्त्वाचा. मूळ निकषात भूस्खलन, हिमस्खलन आणि नदीने पात्र बदलणं असे शब्द आहेत. सीनेने बहुतेक ठिकाणी पात्र बदललेलं नाही, रान खरडलंय. तलाठी पंचनाम्यात काय शब्द घालतो यावर पैसे ठरतात.

मार्केटयार्ड
(क) मध्ये "तालुकानिहाय" टाकलंत तर "माहिती राज्याकडून गोळा करत आहोत" असं उत्तर येईल. नुसतं एकूण क्षेत्र आणि तारीख मागा. आणि मनरेगाची यंत्राची अट यात घुसडू नका. ते ग्रामविकास मंत्रालय, त्याची नोटीस वेगळी, वारही वेगळा.

कोरडवाहू
मसुदा पाठवायचा कुणाला ते सांगा. करमाळा-माढा हे माढा मतदारसंघात, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर हे सोलापूरमध्ये, बार्शी तर धाराशिवला. जिल्हा एक, खासदार तीन.

नियम_३७७
तिघांनाही पाठवा. एकाच विषयाच्या नोटिसा आल्या तर सचिवालय नावं जोडून एकच प्रश्न करतं. प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो, त्यात तीन चिठ्ठ्या पडलेल्या बऱ्या.